बेसचा माग काढत जा

मागच्या अंकात पोस्ट-पंकवर, म्हणजे १९७६-७७ च्या पंक रॉकच्या स्फोटानंतर आलेल्या बँडांच्या संगीतावर, अर्धंच पान लिहिलं होतं आणि त्यावर आलेली पत्रं, मेसेज वाचताना मला खरंच भरून आलं. देवगड, चिपळूण, मालवण, दापोली, अलिबाग, सावंतवाडी, अख्खी किनारपट्टीच की. इतकी वर्षं मला वाटायचं रत्नागिरीत बसून हे असलं ऐकणारी मी एकटीच. त्यामुळे या वेळी माझं वेगळं काही नाही, पान सगळं तुमच्या प्रश्नांना दिलंय.

देवगडहून :
ताई, मी २१ वर्षांचा आहे, आमची हापूसची बाग आहे. रत्नागिरीच्या बाजारात एक काळा टी-शर्ट घेतला, त्यावर पांढऱ्या रेघांचे डोंगर आहेत. मित्र म्हणाला हा जॉय डिव्हिजन नावाच्या बँडचा आहे, म्हणून ऐकला आणि आता दोन महिने झाले पेट्या भरताना रोज तेच लावतो. पण अ‍ॅप फिरून फिरून तीच दहा गाणी देतं, आणि नेटवर १०० बँडच्या याद्या आहेत त्या बघूनच दमायला होतं. पुढे काय ऐकू? आमका कोण सांगतलो?

अरे मी सांगतेय ना! आधी तो टी-शर्ट, कारण रोज अंगावर घालतोस तर त्यावर काय आहे ते तुला माहीत पाहिजे. ते डोंगर नव्हेत. १९६७ साली जोसलिन बेल नावाच्या तरुण संशोधक बाईंना आकाशातून अगदी ठरलेल्या वेळाने येणारे रेडिओचे ठोके सापडले, तो पहिला पल्सार, नाव सीपी १९१९. त्या ताऱ्याचे एकामागून एक आलेले ठोके एकाखाली एक मांडले की असा आलेख होतो, तो एका खगोलशास्त्राच्या जाडजूड ग्रंथात छापलेला होता, बँडवाल्यांनी तो डिझायनर पीटर सॅव्हिलला दिला आणि त्याने काळ्यावर पांढरा करून १९७९ च्या 'अननोन प्लेझर्स'वर लावला. आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या आहेत ना, त्या अजूनही असेच पल्सार ऐकत बसलेल्या असतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तो अल्बम त्या रात्री परत पहिल्यापासून ऐकला.

आता पुढचं. १०० बँडची यादी फेकून दे. तू बागायतदार आहेस, तुला कलमाची भाषा कळते. चांगलं कलम दिसलं की आपण काय विचारतो, काडी कुठल्या झाडाची? बस, गाण्यातही हेच विचारायचं. पोस्ट-पंक म्हणजे खुंट पंकचा, पण त्यावर काडी भलत्याच झाडाची बांधलेली, कुणी जमैकाच्या डबची बांधली (डब म्हणजे रेगेचाच बेस-ड्रम पुढे आणलेला प्रकार), कुणी नाचऱ्या फंक संगीताची, कुणी जर्मन इलेक्ट्रॉनिक संगीताची. म्हणून एकेका बँडला फळ वेगळं लागलं. मग एक वाद्य धर नाहीतर एक माणूस धर, आणि तो आणखी कुठे कुठे वाजलाय ते बघत जा. मी स्वतः बेस गिटारच्या, म्हणजे खर्जाच्या जाड तारांच्या गिटारच्या, मागून गेले आणि मला ती वाट कायम बरी पडली.

आज रात्री एक कर. पेट्यांचं काम नसताना, बरे इअरफोन लाव आणि अननोन प्लेझर्सचं पहिलं गाणं लाव. आधी नुसते ड्रम येतात, मग बेस, मग गिटार. बेस आला की बाकी सगळं सोड, त्याचंच बोट धर आणि गाणं संपेपर्यंत सोडू नको. तुला कळेल की चाल गिटार सांगत नाहीये, बेस सांगतोय, आणि तोही खालच्या जाड तारांवर नाही तर वर, गळ्यातून गायल्यासारखा. बेस वाजवणाऱ्या पीटर हुककडे सुरुवातीला भिकार अ‍ॅम्प होता, बँडमधल्याच समनरच्या गिटारच्या गोंगाटात खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू यायचे नाहीत म्हणून तो वर सरकला, आणि पुढे याच मंडळींच्या न्यू ऑर्डर या बँडमध्येही तो तसाच वरच राहिला. अडचणीतून जन्मलेली गोष्ट आहे ती.

हुककडून दोन पावलांवर मार्टिन हॅनेट, या अल्बमचा प्रोड्युसर. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने ड्रमरला एकेक ड्रम सुटा वाजवायला लावला, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात सांडायला नको. म्हणून त्या गाण्यांत दोन ठोक्यांमध्ये एवढी मोकळी जागा आहे, रात्री मासळीबाजाराच्या रिकाम्या शेडमध्ये कोणीतरी टाळी वाजवावी तशी. बँडवाल्यांना स्वतःला तो आवाज आधी अजिबात आवडला नव्हता! आता हाच हॅनेट १९८१ मध्ये कुठे सापडतो? न्यूयॉर्कच्या साऊथ ब्राँक्समधल्या स्क्रॉगिन्स बहिणींबरोबर. त्यांच्या बँडचं नाव ईएसजी. आजूबाजूचं वातावरण वाईट, मुली नादाला लागू नयेत म्हणून आईने वाद्यं आणून दिली. गाण्यात बेस, ड्रम, काँगा आणि आवाज, गिटार असून नसल्यासारखी. जॉय डिव्हिजनच्या मँचेस्टरच्या थंडीतून तू सरळ नाचायच्या अंगणात येतोस, आणि मधला माणूस तोच. अ‍ॅपने तुला हे कधी दाखवलं असतं असं मला वाटत नाही.

दुसरी वाट डबची. सेक्स पिस्टल्स हा पंक बँड जानेवारी १९७८ मध्ये फुटला, त्यांचा गायक जॉन लायडनने त्याच वर्षी पब्लिक इमेज लिमिटेड काढला, बेसवर जाह वॉबल, जो तेव्हा नुकताच वाजवायला लागला होता पण रेगे पिऊन मोठा झाला होता. १९७९ चा 'मेटल बॉक्स' ऐक. तो निघाला तेव्हा खरंच पत्र्याच्या गोल डब्यात, आत ४५ च्या स्पीडच्या तीन तबकड्या, कारण खोबणी रुंद असली की बेस मोठा बसतो. हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकू नको, मी कळकळीने सांगते, अर्धं गाणं ऐकूच येत नाही. तुमच्या वाडीत शिमग्याला ज्याचा साऊंड असतो त्याला गाठ, दुपारी अर्धा तास त्याच्या मोठ्या बॉक्सवर लाव, छातीत धडका बसतील तेव्हा कळेल.

एवढ्यावर पावसाळा निघेल. वाटलंच तर मध्ये गँग ऑफ फोरचा 'एंटरटेनमेंट' घाल, तोही १९७९ चाच, लीड्सचा. त्यात अँडी गिलची गिटार म्हणजे कोयत्याने सपासप तोडल्यासारखी, एक सूर जास्तीचा नाही, सोलो तर नाहीच.

चिपळूणहून :
मॅडम, मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मार्च १९८० मध्ये मुंबईत कॉलेजला असताना धोबीतलावच्या रंगभवनात द पोलिस या बँडचा कार्यक्रम ऐकला होता, ती रात्र आजही आठवते. पुढे नोकरी, संसार, सगळं मागे पडलं. पंक, न्यू वेव्ह, पोस्ट-पंक यात नेमका फरक काय? आणि या वयात मी काय ऐकावं? माझ्या कॅसेटी २०२१ च्या जुलैच्या पुरात गेल्या, फक्त आठ-दहा माळ्यावरच्या डब्यात आहेत, चिखल लागलेल्या.

काका, तुम्ही रंगभवनात होतात! मी तुम्हाला भेटायला चिपळूणला येणार आहे, हे मनापासून सांगते. तेव्हा बाहेरचे बँड भारतात यायचेच कुठे, आणि जो आला तो नेमका न्यू वेव्हच्या ऐन भरातला.

फरक सांगते, पण कुंपण घालून नाही. पंक म्हणजे १९७६-७७ चा स्फोट, तीन कॉर्ड, दोन मिनिटं, येत नसलं तरी वाजवा. न्यू वेव्ह हे नाव बऱ्याच अंशी दुकानदारीतून आलं. सायर रेकॉर्ड्सच्या सिमोर स्टाइनला दिसत होतं की पंक म्हटलं की अमेरिकेतली रेडिओ स्टेशनं दार लावतात, मग त्याच गल्लीतले पण जरा सुरेल, जरा नाचरे बँड न्यू वेव्ह म्हणून पुढे केले गेले. पोलिस, ब्लाँडी, डिव्हो, बी-५२ हे सगळे त्यात. पोस्ट-पंक म्हणजे पंकने दार तोडलं, मग आत जाऊन ज्यांनी भिंतीच हलवल्या ते लोक. सीमा अशी नाहीच हो, वाशिष्ठीचं पाणी संपून खाडीचं कुठे सुरू होतं ते दाखवता येतं का, तसंच. टॉकिंग हेड्स दोन्हीकडे आहेत.

तुम्ही तिथूनच सुरुवात करा. पोलिसमध्ये तुम्हाला काय आवडलं असेल ते मी ओळखते, तो रेगेचा उलटा ठेका आणि त्यांच्या ड्रमरची, स्टुअर्ट कोपलंडची झांज. टॉकिंग हेड्सचा १९८० चा 'रिमेन इन लाइट' घ्या, ब्रायन इनो प्रोड्युसर, आणि ही मंडळी तेव्हा नायजेरियाच्या फेला कुटीच्या नादात होती. एकाच सुरावर गाणं उभं आहे, पुढे सरकतच नाही, फक्त थरावर थर चढतात. तुम्ही जाखडी ऐकली असणार, शक्ती-तुऱ्यात एकाच ठेक्यावर रात्र काढतात आणि तरी कंटाळा येत नाही, तो कान तुमच्याकडे आहे, मुंबईतल्या कुठल्याही रॉक फॅनपेक्षा तुम्हाला हा अल्बम लवकर उलगडेल असं मला वाटतं. मग टेलिव्हिजन नावाच्या बँडचा 'मार्की मून', १९७७. दोन गिटारी, टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, अगदी डबलबारीतल्या दोन बुवांसारख्या एकमेकींना उत्तर देतात, अल्बमच्याच नावाचं गाणं जवळपास १० मिनिटांचं आहे आणि त्यातला एक क्षण मला फुकट वाटत नाही.

आणि एक, १९८२ मध्ये लंडनच्या मान्सून नावाच्या बँडने सतार-तबल्यावर 'एव्हर सो लोनली' हे गाणं केलं, ते इंग्लंडच्या यादीत १२ व्या नंबरापर्यंत गेलं. गायिका शीला चंद्रा, भारतीय घरातली लंडनची मुलगी. हे गाणं आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही याचं मला वाईट वाटतं.

आता तुमच्या कॅसेटी, त्या टाकू नका!! माझ्या स्वतःच्या ३०-४० कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरली होती, फीत गुंडाळलेल्या चकतीवर पिठासारखा पांढरा थर, त्यामुळे हे मी हाताने केलेलं सांगतेय. तशीच डेकमध्ये घालू नका, हेडला लागेल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटींना पसरेल. मागचे पाच स्क्रू काढा, (स्क्रू नसलेली, चिकटवलेली असेल तर कडेने पातळ पातं घालून हळू उघडा) दोन्ही चकत्या फीत न सुटता बाहेर घ्या, मेडिकलमध्ये डिस्टिल्ड वॉटर मिळतं त्यात चिखल धुऊन काढा, चोळायचं नाही, मग सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. ऊन नको, हेअर ड्रायर तर नकोच, फीत आखडते. वाळली की एखाद्या बिनकामाच्या कोऱ्या कॅसेटच्या कवचात बसवा, पेन्सिलने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा आणि पहिल्यांदा वाजवतानाच फोनवर नाहीतर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कारण दुसऱ्यांदा वाजेलच याची खात्री नसते. पोलिसच्या रात्रीनंतर घेतलेली एखादी त्यात असेल तर मला नक्की कळवा.

मालवणहून :
ताई, मी आणि माझी बहीण होमस्टे बघतो, रात्री गेस्ट झोपले की टेरेसवर गाणी ऐकतो. आमचा चुलतभाऊ म्हणतो हे पोरांचं म्युझिक आहे. खरंच यात मुली नाहीत का?

चुलतभावाला बसव आणि हे वाचून दाखव. मुली होत्या आणि नुसत्या गायला उभ्या नव्हत्या, बेस, ड्रम, गिटार सगळं त्यांच्या हातात होतं. आणि इथेही माग काढायची मजा बघ, या वेळी ड्रमरचा. द स्लिट्स, लंडनच्या मुली, त्यांची पहिली ड्रमर पाल्मोलिव्ह, मूळची स्पेनची. ती तिथून निघाली आणि द रेनकोट्समध्ये गेली, त्यांच्या १९७९ च्या पहिल्या अल्बमवर तीच वाजवते. इकडे स्लिट्सच्या १९७९ च्याच 'कट'वर तिच्या जागी बजी नावाचा मुलगा आला आणि लगेच पुढे तो सूझी अँड द बॅन्शीजचा ड्रमर झाला. म्हणजे एका जागेच्या अदलाबदलीत तुम्हाला तीन बँड मिळाले. 'कट'चा प्रोड्युसर डेनिस बोव्हेल, हा रेगेवाला माणूस, म्हणून त्यात एवढी हवा आहे, आणि त्यानेच त्या वर्षी ब्रिस्टलच्या पॉप ग्रुपचा 'वाय' केला, तो मात्र तुम्ही टेरेसवर लावू नका, गेस्ट उठतील.

मला स्वतःला रेनकोट्स सगळ्यात जवळचे. ॲना दा सिल्वा मदेरा बेटावरची, जीना बर्च बेसवर, आणि मध्येच व्हायोलिन येतं ते दार करकरल्यासारखं. गाणं अडखळतं, ताल जरा मागेपुढे होतो, कुणीतरी हसत सावरून घेतं असं वाटतं. चार बायका ओट्यावर बसून बोलताना एकमेकींचं वाक्य तोडतात ना, पण कुणाला राग येत नाही, तसं ते वाजतं. निर्वाणा बँडचा कर्ट कोबेन हा अल्बम शोधत लंडनच्या दुकानात गेला होता, तिथून त्याला थेट ॲना काम करायची त्या दुकानात पाठवलं, आणि पुढे रेनकोट्सचे अल्बम परत निघाले तेव्हा त्याने त्यासाठी लिहूनही दिलं.

मग डेल्टा ५ ऐका, लीड्सचे, दोन बेस गिटारी आहेत त्यात, एकदम दोन! बर्मिंगहॅमचे ओ पेअर्स ऐका, १९८१ चा पहिला अल्बम, घरात कोण भांडी घासतो आणि कोण पेपर वाचतो असल्या गोष्टींवर रोखठोक गाणी आहेत. त्यांची लेस्ली वूड्स पुढे बॅरिस्टर झाली.

आणि रात्री समुद्राचा आवाज येत असताना शेवटी यंग मार्बल जायंट्सचा 'कलॉसल यूथ', १९८०. कार्डिफचा बँड, एवढा एकच स्टुडिओ अल्बम केला. ॲलिसन स्टॅटन गाते ती गाते असं वाटतच नाही, कपडे घड्या घालताना स्वतःशी बोलावं तसं. हा लावलात तर एकही गेस्ट उठणार नाही, उलट एखादा वर येऊन विचारेल काय आहे हे.

दापोलीहून :
इंग्रजी गाणी आवडतात पण शब्द अर्धे कळत नाहीत, मग ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे हो! द फॉल या बँडचा गायक मार्क ई. स्मिथ काय म्हणतो ते खुद्द मँचेस्टरच्या लोकांनाही धड कळायचं नाही, तरी बीबीसी रेडिओवर कार्यक्रम करणाऱ्या जॉन पीलने त्यांची २४ सेशन रेकॉर्ड केली, दुसऱ्या कुणाची इतकी नाहीत. बँडमध्ये साठाहून जास्त माणसं आली-गेली, २०१८ मध्ये स्मिथ गेला तोपर्यंत कायम तो एकटा. दशावतारात संकासुर बोलतो तेव्हा आपण प्रत्येक शब्द थोडाच पकडतो, त्याची ढब पकडतो. आणि इंग्रजीच कशाला पाहिजे? लेनिनग्राडचा किनो हा बँड ऐका, व्हिक्टर त्सोय बॉयलरमध्ये कोळसा घालायची नोकरी करत गाणी लिहायचा, १९९० मध्ये २८ व्या वर्षी गाडीच्या अपघातात गेला. १९८८ चा 'ग्रुपा क्रोवी' लावा. रशियन मला एक शब्द येत नाही आणि तो अल्बम मला तोंडपाठ आहे.

अलिबागहून :
मुलगा बारावीला आहे. दार लावून सतत ही उदास गाणी ऐकतो. त्या जॉय डिव्हिजनच्या गायकाने आत्महत्या केली असं वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याचं ऐकणं बंद करू का?

ताई, तुमची काळजी मी समजू शकते आणि मी हे उत्तर दोनदा लिहिलंय. हो, इयन कर्टिस १८ मे १९८० ला गेला, २३ वर्षांचा होता, दुसऱ्या दिवशी बँड अमेरिकेला निघणार होता. त्याला अपस्माराचा त्रास होता, औषधं जड होती, लग्न मोडत आलं होतं, नैराश्य होतं. तो आजारी होता आणि त्याला हवी ती मदत मिळाली नाही. त्याचे मित्रच नंतर सांगत आले की आम्ही गाण्यांचे शब्द नीट ऐकलेच नाहीत. लोक त्याच्या मरणाला फार सुंदर करून ठेवतात, त्याची मला चीड येते.

पण उदास गाणी ऐकणारा मुलगा उदासच असतो असं नाही. मी सोळाव्या वर्षी हेच ऐकायचे आणि मला तेव्हा उलट हलकं वाटायचं, की आपल्याला वाटतं ते कुणीतरी बोललंय. बंद करू नका, दार वाजवा, आत जा आणि एक गाणं त्याच्याबरोबर बसून ऐका. काय आवडतं यात असं विचारा आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. खाणं, झोप, मित्र, अभ्यास सगळं जागच्या जागी असेल तर ती आवड आहे. ते तुटत चाललं असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही तो बोलला, तर गाण्यांचा विषय सोडा आणि डॉक्टरांकडे जा, टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, तुम्ही आई म्हणूनही फोन करू शकता. आणि त्याला हेही सांगा की उरलेले तिघे थांबले नाहीत. त्यांनी न्यू ऑर्डर काढला, जिलियन गिल्बर्ट आली, आणि १९८३ मध्ये 'ब्लू मंडे' केलं, ज्यावर जग अजून नाचतंय.

राजापूरहून :
आत्ताचे कुठले?

डब्लिनचे फाँटेन्स डी.सी., पहिला अल्बम 'डॉग्रेल', २०१९. लंडनचे ड्राय क्लीनिंग, फ्लॉरेन्स शॉ गात नाही, बोलते, २०२१ चा 'न्यू लाँग लेग'. मिन्स्कचे मोलचात दोमा, २०१८ चा 'एताझी', किनो आवडला तर हे आवडणारच. बाकी आत्ताच्या गर्दीत मला स्वतःला टिकतील असे वाटणारे थोडे आहेत, ते पुढे कधी.

सावंतवाडीहून :
आम्ही चौघं मित्र आहोत. एकाकडे गिटार, एकाकडे जुना कीबोर्ड, एक भजनात पखवाज वाजवतो, मी लिहितो. असं काहीतरी मराठीत, मालवणीत करायचं आहे. पण इथे स्टुडिओ परवडत नाही, ड्रम नाहीत, पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय होणारच नाही असं सगळे म्हणतात. खरं का?

नाही, आणि हे या संगीताच्या इतिहासातच लिहिलेलं आहे. बझकॉक्स या बँडने १९७६ च्या डिसेंबरात ५०० पौंड उसने घेऊन एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली, स्वतःच १,००० तबकड्या काढल्या, कव्हरच्या मागे कुठलं गाणं कितव्या टेकला झालं तेही छापलं. तो प्रोड्युसरही हॅनेटच, बघा परत आला! १९७८ मध्ये स्क्रिटी पॉलिटीने तर पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरवर सगळा हिशोब छापला, रेकॉर्डिंगला किती, छपाईला किती, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हे आपल्यालाही जमेल. यंग मार्बल जायंट्सकडे तुमच्यासारखाच ड्रमर नव्हता, मशीनचे ठेके कॅसेटवर भरून तीच स्टेजवर लावायचे.

आणि मोठ्या शहराचं म्हणाल तर न्यूझीलंडचा नकाशा काढा, अगदी खाली डनीडिन बघा. लहानसं बंदराचं शहर, जगापासून लांब, थंडी आणि पाऊस. तिथे १९७८ मध्ये किलगोर भावांनी द क्लीन काढला. १९८१ मध्ये त्यांचं 'बूडल बूडल बूडल' क्रिस नॉक्सने आपल्या चार ट्रॅकच्या मशीनवर रेकॉर्ड केलं आणि ते त्या देशाच्या यादीत कित्येक महिने राहिलं. पुढच्या वर्षी तिथल्याच चार बँडनी मिळून एक डबल रेकॉर्ड काढली, एकेकाला एकेक बाजू. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये चारपेक्षा जास्त ट्रॅक आहेत. ऑकलंडसारखं वाजायचा हट्ट त्यांनी धरला नाही, म्हणून डनीडिनचा आवाज आज जग ओळखतं.

तुमच्याकडे पखवाज आहे हे तुमचं भाग्य समजा. डाव्या अंगाला कणीक लावली की जो खर्ज येतो तो कुठल्या ड्रम मशीनमध्ये आहे? त्याला बेस समजा आणि गाणं त्याच्यावर बांधा, गिटारने फक्त वरून दोन-तीन सूर टाकायचे, सारखं खाजवत बसायचं नाही. शब्द मालवणीतच ठेव, पुस्तकी करू नको.

रेकॉर्डिंग कौलारू घरात करणार असाल तर माळ्याखालच्या खोलीत करा, भिंतीला गोधड्या आणि गाद्या लावा, काथ्याच्या असतील तर उत्तम, आवाज घुमत नाही. फोन पखवाजाच्या तोंडाशी नको, तीन-चार हात लांब, स्टुलावर जाड टॉवेल घालून त्यावर, नाहीतर खर्ज फाटतो. आधी पखवाज आणि आवाज एकदम घ्या, गिटार नंतर वरून चढवा. आणि जून लागायच्या आत उरका, कौलांवर सर पडायला लागली की मग ऑक्टोबरशिवाय शांत दुपार मिळत नाही.